भागम्माची सुवाच्य प्रत

कल्याणराव मास्तरांचं अक्षर अख्ख्या पूर्णेत एकाच माणसाला लागायचं, त्यांच्या बायकोला.

भागम्मा सातवीपर्यंत शिकलेली. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात मास्तरांनी रेल्वे युनियनचं एक पत्रक तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "एवढं सुवाच्य काढ." तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं ती सुवाच्य काढत आली होती. पत्रकं, ठराव, अभ्यासवर्गाची टिपणं, तीन पुस्तकं. आधी स्वयंपाक, मग भांडी, मग प्रत. एखाद दिवशी इष्टलिंगाची पूजा चुकली असेल, प्रत चुकली नाही.

आता मास्तरांची सत्त्याहत्तरी झाली होती आणि नजर जवळजवळ गेली होती. जाड स्केचपेननं ते अंदाजानं लिहीत, ओळीवर ओळ चढे. परभणीच्या टायपिंगवाल्यानं कागद हातात धरून परत दिले होते. काकूंनी उतरवून दिलं तरच घेतो, म्हणाला होता.

हे चौथं पुस्तक. इंग्रजांशी इमान राखणारा निजाम आणि निजामाशी इमान राखणारे गावोगावचे देशमुख, पाटील, कारकून. परक्या सत्तेला आपलीच माणसं का मिळतात, याचं मार्क्सच्या अंगानं उत्तर. चार प्रकरणं भागम्मानं उतरवली. पाचव्याचं नाव होतं 'चारठाण्याचा पेशकार'.

चारठाणा तिचं माहेर. पेशकार तिचे अप्पा, मन्मथअप्पा. जिंतूरच्या तहसिलीत निजामाच्या अमलात ते कागद लिहीत. अठ्ठेचाळीस साली गावच्या जुन्या देवळात एक पोरगा लपला होता, लढ्याच्या चिठ्ठ्या पोचवणारा. अप्पांनी तहसीलदाराला ते सांगितलं. पोराला नेलं, तो परत आला नाही. कुणी सांगितलं हे गावाला कधी कळलं नाही. आईनं भागम्माला आणि बसूला एवढ्यासाठीच सांगून ठेवलं होतं, की त्या घराशी जन्मात वाकडं बोलू नका. भागम्मानं ते एकदाच नवऱ्याला सांगितलं. पहिल्या बाळंतपणानंतरचे दिवस होते, नवऱ्याला सगळं सांगावंसं वाटायचं.

तो पोरगा ज्या घरातला, त्या घरातला भुजंग आणि तिचा भाऊ बसवेश्वर आज एका विहिरीवर शेत भिजवतात. दर भाऊबीजेला बसू तिला न्यायला येई. चारठाण्यात आठ दिवस ती पाय पसरून बसे, पाणीसुद्धा तिला मागावं लागत नसे. वर्षातले तेवढेच दिवस तिचे.

तिनं कागद उचलले आणि बाहेरच्या खोलीत गेली. तिथं मास्तरांपाशी सिद्धोधन बसला होता, लोको शेडमधला, अभ्यासवर्गाचा जुना विद्यार्थी.

"अप्पांचं तेवढं काढा," ती म्हणाली.

"मी तुझ्या अप्पांवर लिहिलं न्हाई, भागू. एका वर्गावर लिहिलंय."

"वर्ग चारठाण्यात ऱ्हात न्हाई. बसू ऱ्हातोय."

सिद्धोधन चहाच्या कपात हसला. "काकू बराबर म्हणायल्यात, सर. गावाचं नाव तरी नका टाकू."

"मागच्या पुस्तकाला काय म्हणाले लोक? मास्तर हवेत बोलायलाय. आता पुरावा हाय तर झाकून ठेवू? आपल्याच घरातला पुरावा द्यायला हिंमत लागती."

"हिंमत तुमची, घर माझं," भागम्मा म्हणाली.

"असं बघ, त्यात तुझ्या अप्पांना शिवी हाय का एक तरी? उलट मी त्यांना समजून घेतलंय."

सिद्धोधन उठला. "येतो, काकू," म्हणाला, आणि चपला घालताना तिच्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रत काढायला बसली. मास्तर पलंगावर पडले होते. दोन पानं गाळली असती तर त्यांना कळलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं ती बाजूला ठेवून पुढचं पान घेतलं. पुढचं पान 'म्हणून' या शब्दानं सुरू होत होतं. कशाचं म्हणून? तिनं दोनदा वाचलं. मधेच तुटलेलं तिनं कधी उतरवलं नव्हतं. बाजूची पानं तिनं परत ओढली.

'निष्ठा हुकमानं येत नाही, सवयीनं येते,' मास्तरांनी लिहिलं होतं. 'राबणारा हळूहळू स्वतःच्या चोख कामावरच जीव जडवतो आणि त्यालाच इमान समजतो.' अप्पा तसेच होते. त्यांच्या वहीत खाडाखोड नसे. मास्तरांना नेमकं कळलंय, असं तिला वाटलं आणि वाईटही वाटलं.

खाली पोराचं नाव होतं, मारुती.

भागम्माचा पेन थांबला. पोराचं नाव मुंजाजी होतं. मास्तरांना इतक्या वर्षांनी आठवलं नव्हतं. चारठाण्यात मारुती नावाचं कुणी कधी गेलं नव्हतं, म्हणजे पुस्तक वाचून कुणालाही उलगडा झाला नसता. अप्पांचं नाव प्रकरणात नव्हतं, आणि पेशकार काय, तहसिलीत चारठाण्याचेच पाच-सहा होते. काही गाळायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. आहे तसं उतरवायचं होतं, बस.

बाहेरून अकोल्याची गाडी गेली. मास्तरांच्या चुका तिनं आजवर मुकाट्यानं दुरुस्त केल्या होत्या. साल, आडनाव, गावाचा तालुका. चुकीचं ठेवलं तर हात आखडल्यासारखा होई. शिवाय त्या पोराचं गेलंच होतं सगळं, आता नावही काढून घ्यायचं का.

तिनं मुंजाजी लिहिलं.

संध्याकाळी तिनं प्रकरण वाचून दाखवलं. "मारुती ना?" मास्तरांनी विचारलं.

"मुंजाजी."

"बरं झालं तू होतीस. पुराव्याला धक्का लागला असता."

पुस्तक श्रावणात निघालं. एक प्रत कुणीतरी चारठाण्याला नेली. भाऊबीजेला बसू आला नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"अक्का, भुजंगनं विहिरीवरची मोटार काढून नेली. काय बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं." मग त्यानं विचारलं, "दाजीला नाव कुणी सांगितलं?"

"मी."

"तू आता येऊ नको," बसू म्हणाला. रागात नव्हता, सांगायचं तसं सांगितलं. "म्हंजे मी न्यायला येणार न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

"कुणाचा फोन?" आतून मास्तरांनी विचारलं.

"बसूचा."

"वाचलं का त्यानं?"

"वाचलं."

"मग? काय म्हणतोय?"

"काही न्हाई," भागम्मा म्हणाली, आणि भाताला आधण ठेवायला गेली.