न आल्यास चालेल

खंदारे गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बाजारात मेथी निवडताना. कोर्टातल्या जुन्या शिपायानं सांगितलं आणि तो पुढे निघून गेला. ज्याच्यासोबत एका बाकावर अर्धी नोकरी डबा खाल्ला, त्याच्या मातीलाही मला जाता आलं नाही...

नामदेव खंदारे आमच्या तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होता, मी टायपिस्ट. मी समन्स टाइप करायचो, तो सायकलवर गावोगाव जाऊन बजावायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत खंदारे हे नाव सांगून काही गावांत शिरणं सोपं नव्हतं. कागद घेतात, पाणी विचारत नाहीत, असं तो सांगायचा. सायकल पंक्चर झाल्याचं सांगावं त्याच आवाजात.

देवगाव फाट्याजवळच्या एका गावात गंगाबाई नावाची विधवा होती. दिरानं तिच्या राहत्या घरावर दावा लावला. खंदारेनं तिला समन्स वाचून दाखवलं, समजलं का विचारलं. समजलं म्हणाली, अंगठा दिला आणि तारखेला आलीच नाही. निकाल दिराच्या बाजूनं लागला. फेरसुनावणी मागता येते, हेही तिला कुणी सांगितलं नाही. घराचा ताबा घ्यायला पुन्हा खंदारेलाच जावं लागलं. ती उंबऱ्यात बसून होती. म्हणाली, "तुमीच तर वाचून दाखवलं व्हतं, न्हाई आलं तर चालंल म्हणून."

कागदावर वाक्य होतं, 'आपण हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालेल.' वर्षानुवर्षं मीच टाइप केलेलं. 'एकतर्फी' तिच्या कानावरून गेलं, 'चालेल' तेवढं राहिलं. आपण दिवसातून दहादा म्हणतो, तसलं चालेल.

पुढे तडजोडीसाठी लोकन्यायालय भरू लागलं, तेव्हा खंदारेनं एका साहेबांच्या मागे लागून समन्सला साध्या भाषेतली चिठ्ठी जोडायची परवानगी मिळवली. मी टाइप करायचो आणि तो कागद घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांत जाऊन बसायचा. वाचून दाखवायचा; पण समजलं का, हे कधीच विचारायचा नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "कोर्टाच्या माणसाला 'न्हाई समजलं' असं कोण म्हणतंय?" तो विचारायचा, "आता तुमी काय करणार, तेवढं सांगा." एक म्हातारा म्हणाला, पोराला पत्र लिहितो. एक बाई म्हणाली, देवळीत जपून ठेवते. खंदारे परत यायचा आणि माझं वाक्य मलाच खोडायला लावायचा. सातव्यांदा मी वैतागून मशीनवर कव्हर घातलं. तो उभाच राहिला. शेवटी उरलं ते एवढंच: 'या तारखेला कोर्टात या. आला नाहीत, तर तुमचं न ऐकता निकाल लागेल.' ते ऐकून फाट्यावरची एक बाई म्हणाली होती, मंग यावंच लागंल. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. गंगाबाई तोवर माहेरी निघून गेली होती.

वर्षभरात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना ही भाषा कोर्टाला शोभेना. चिठ्ठी बंद झाली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज आजही वाटते. खंदारे भांडला नाही. निवृत्त होईपर्यंत दारोदार तेच तोंडी सांगत राहिला. 'चालेल' हा शब्द मात्र त्यानं बोलण्यातून टाकून दिला. चहा विचारला, तर घेतो म्हणायचा, नाहीतर नको. मी त्याची लय चेष्टा केली.

परवा त्याच्या घरी जाऊन आलो. खुंटीवर बेलिफाचा पट्टा होता, पितळ घासलेलं. वहिनींनी चहाचं विचारलं. मी सवयीनं म्हणालो, "चालेल."

त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

"घेता का न्हाई, तेवढं सांगा, भाऊ."

"घेतो," मी म्हणालो.