कोचचा गुडघा

रियाधच्या अल सुलै भागात आमचं गोदाम आहे. तिथला सेफ्टी मॅनेजर अमेरिकन होता. तरुणपणी तो तिकडे पगारी फुटबॉल खेळायचा. त्यांचा फुटबॉल, चेंडू छातीशी धरून पळायचा. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. मग वीस वर्षं त्याने शाळेतल्या मुलांना तो खेळ शिकवला. बायको वारल्यावर तो इकडे आला आणि फोर्कलिफ्टवाल्यांना हेल्मेट घाला म्हणून सांगू लागला.

शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी, ट्रेलर उभे करायच्या यार्डात तो आम्हालाही शिकवायचा. आम्ही त्याला कोचच म्हणायचो. कुणाला पाडायचं नाही हा त्याचा नियम. कमरेला कापडी पट्टी असायची. ती ओढली की गडी थांबला.

मी रत्नागिरीत कॉलेजला असताना कबड्डी खेळायचो. सहाव्या शुक्रवारी एक गडी कमी होता, म्हणून कोच स्वतः चेंडू घेऊन धावला. तो माझ्या अंगावर आला तेव्हा मला पट्टी दिसलीच नाही. घोटा दिसला. तो मी धरला.

कोच डांबरावर आडवा झाला. चेंडू त्याने सोडला नव्हता.

"पट्टी कुठे असते?" त्याने विचारलं.

"कमरेला."

"आणि तू काय धरलंस?"

"घोटा."

"धरलास मात्र चांगला," तो म्हणाला. मग त्याला उठता येईना.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ड्युटी संपली की मी रोज हॉस्पिटलात खिचडीचा डबा न्यायचो. तो खायचा आणि जेवणाच्या ट्रेमधल्या कागदांवर खेळाच्या आकृत्या काढायचा. चौथ्या दिवशी ते कागद त्याने माझ्या हातात दिले.

"शुक्रवारी तू शिकव."

"मी? मीच तर तुम्हाला पाडलं."

"म्हणूनच. खेळाडू म्हणून तू खलास." मग म्हणाला, "मला टीममधून काढलं तेव्हा कुणी बोललंसुद्धा नाही. कपाट रिकामं कर, एवढंच. मी निदान तुझ्याशी बोलतोय."

मी डबा धुऊन आणला.

दोन महिन्यांनी तो कायमचा परत गेला. मी चार वर्षं कोच आहे. आम्ही एक सामना जिंकलो. समोरचे निम्मेच आले होते. व्हिडिओ त्याला पाठवला. त्याने तीन चुका कळवल्या. त्यातल्या दोन माझ्या होत्या.