गल्ली कुठंतरी निघतेच की

आता काय सांगू तुम्हाला, भाच्याच्या साखरपुड्याला मी सगळं वऱ्हाड भिंतीवरनं नेलं. हसू नका, आधी ऐका.

मी नवी पेठेत वाढलेला. आमच्याकडं चुकायचं म्हटलं तरी जमत नाही. कापडवाल्याच्या बोळात शिरा, सोनाराच्या दारात निघाल. त्यामुळं सिद्धूच्या साखरपुड्याला रिक्षांना वाट मीच दाखवणार होतो. मुलीचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, अंगठी माझ्या खिशात आणि मुहूर्त तोंडावर आलेला.

"मामा, फोन मेन रोडनं जा म्हणतोय की," सिद्धू म्हणाला.

"फोनला काय कळतंय? घाल रिक्षा डावीकडं. गल्ली कुठंतरी निघतेच."

नाही निघाली हो. भिंतीला जाऊन थांबली. दुसरीत घुसलो, तिथंही भिंत. तिकडं ज्यानं प्लॉट पाडले त्यानं आपल्यापुरता रस्ता केला आणि कुंपण घालून मोकळा झाला. शेजारच्या वसाहतीत जायचं तर परत हायवे गाठायचा.

पुढच्या भिंतीपलीकडं मात्र मांडव दिसला. सनई ऐकू येत होती, वांग्याच्या भाजीचा वास येत होता, आणि जायला वाट नाही.

"आता फिरून गेलो तर मुहूर्त गेला बगा," रिक्षावाला म्हणाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

शेजारच्या घराला रंग देणं चाललं होतं. मी त्यांची शिडी मागून आणली.

"अक्का, चढ."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सिद्धूची आई. नवंकोरं इरकल नेसलेली. "व्याह्यांच्या घरात शिडीवरनं? डोस्कं फिरलंय व्हय तुझं?"

पण चढली. मागनं नवा कोट घातलेला सिद्धू. पलीकडं आचाऱ्यानं टेबल लावून एकेकाला उतरवून घेतलं.

मुलीकडचे बिचारे पुढच्या फाटकात औक्षणाचं ताट घेऊन रस्त्याकडं डोळे लावून उभे. आचारी ओरडला, "ओ, पाव्हणं मागनं आलं!" मग ताटासकट सगळे मागं पळत आले. सिद्धूला भाजीच्या पातेल्याशेजारीच ओवाळलं. मुलीचं हसू काही केल्या थांबेना.

मुहूर्त साधला. मी छाती काढून जिलबी खात होतो, तेवढ्यात व्याही शेजारी येऊन बसले.

"मामा, लग्न आमी नवी पेठेतल्या कार्यालयात घेतो. तितं तुमी कुटनंबी शिरला तरी पोचता."

ते कार्यालय माझ्या घरामागच्याच गल्लीत आहे. तरी लग्नाच्या सकाळी व्याह्यांनी मला न्यायला माणूस धाडला, आणि त्यानं कार्यालयाच्या दारापर्यंत माझा हात सोडला नाही.