केवळाचं गाणं

आमच्या रेणापूरच्या गुणामावशीला अक्षरओळख नव्हती, पण गाणं मात्र तिनंच रचावं. तिची दीड वर्षाची केवळा शेतातल्या झोळीत साप डसून गेली. पुढच्या सुगीत ज्वारी काढताना मावशीनं गाणं बांधलं. शेवटच्या ओळीत रचणारीनं आपलं नाव घालायची रीत. हिनं पोरीचं घातलं. ‘हळू डोल रे जोंधळ्या, निजली माझी केवळा.’ पोरीची मागं राहिलेली खूण ती एवढीच.

मी तेव्हा लातूरला शिकत होतो. निजामाचा अंमल, शाळेत सगळं उर्दूत. मराठी गाणं म्हटलं की लोक कौतुक करत, आणि मी कौतुकाला हपापलेला. जलशात गाणाऱ्या सौदामिनीबाईंना ते गाणं मीच ऐकवलं. बाईंनी सरळ विचारलं होतं, "कुणाचं आहे हे?"

"बायांचं," मी म्हणालो. "शेतातल्या गाण्याला कुठला मालक?"

आग लागो माझ्या शहाणपणाला.

वर्षभरात बाईंच्या आवाजात त्या गाण्याची तबकडी निघाली. गावच्या हॉटेलात फोनो आला होता, तिथं मी मावशीला मोठ्या ऐटीत घेऊन गेलो. ती ओट्याच्या कडेला पदर सावरून बसली. चाल तिचीच, जोंधळाही तिचाच. ती ओठातल्या ओठात सोबत म्हणू लागली. शेवटची ओळ आली, ‘हळू डोल रे जोंधळ्या, सौदामिनीचा सजण निजला.’

मावशीचे ओठ थांबले. "पुन्यांदा लाव बाबा," ती म्हणाली. पुन्हा तेच वाजलं.

"चाल नेली, बोल नेले, नेऊ दे. माझ्या लेकराला का काढलं रे त्यातून?"

बाईंना पत्र लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

दोन वर्षांनी सुगीला मी गावी होतो. रानात बाया तबकडीचंच गाणं म्हणत होत्या. मावशी मात्र सवयीनं केवळा म्हणून गेली. शेजारच्या व्यंकटची नवी सून हसली.

"आत्या, चुकून राहिलात तुम्ही. तिथं सौदामिनी हाय."

मावशीनं विळा पुढच्या धाटाला लावला. मग म्हणाली, "हाव बाई. चुकलंच माझं."

त्यानंतर तिच्या तोंडून ते गाणं कुणी ऐकलं नाही. तेव्हा मी तिच्यापासून दोनच हातांवर पेंढ्या बांधत होतो. केवळा कोण होती, ते सांगायला मी तोंड उघडलं नाही.