कुत्र्यामार्फत संसार

सातपूरच्या एका कंपनीत मी सुपरवायझर होतो. एक दिवस साहेब सगळ्यांदेखत मला बोलला आणि मी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. कुणी अडवेल म्हणून हळूहळू लिहीत होतो. कुणी अडवलं नाही. गेटबाहेर आलो तेव्हा छाती फुगलेली होती. सिडकोत बसमधून उतरलो तोवर नुसती भीती उरली होती.

घरी बायको आणि कुत्रं. मूल नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. कुत्रं गल्लीतलंच, तांबूस, एक कान पडलेलं. बायको स्वतःला त्याची आई म्हणवून घ्यायची, त्यामुळे मी आपोआप बाबा झालो होतो.

तिला सांगायचं कसं? मी मागच्या अंगणात गेलो आणि कुत्र्यावर तालीम केली. "हे बघ, बाबांनी नोकरी सोडली. आता आईला हे अशा बेताने सांगायचं, की तिला वाटलं पाहिजे, बरंच झालं."

दोरीवर चादर वाळत होती. चादरीपलीकडे बायको होती.

तिने ओलीच चादर दोरीवरून ओढली. माझ्याकडे पाहिलंही नाही. कुत्र्याला म्हणाली, "तुझ्या बाबांना म्हणावं, ज्याला आधी सांगितलं त्याच्याशीच बोला आता."

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत निवळेल. पण सुरू झालं ते सुरूच राहिलं. "सांग बाबांना, पोळ्या झाकून ठेवल्यात." "सांग आईला, मी कामाच्या शोधात बाहेर चाललोय." "विचार बाबांना, काल मिळालं का काही?" कुत्रं बिचारं टेनिसची मॅच बघितल्यासारखं मान फिरवायचं. सुरुवातीला मला गंमत वाटायची. मित्रांना नकला करून दाखवायचो. घरात मात्र हळूहळू काही गोष्टी कुत्र्याच्या तोंडी देता येईनात. मला रात्र रात्र झोप लागत नव्हती, हे मी त्याला सांगितलं नाही. ती भाजी निवडता निवडता मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायची. का, ते तिनेही त्याला सांगितलं नाही.

मग एका सकाळी तिने पिशवी भरली. "सांग बाबांना, मी येवल्याला चाललेय, माहेरी. परत कधी ते विचारू नका म्हणावं."

मी पेपरातून डोकं वर न काढता कुत्र्याला म्हणालो, "विचारलंय कुणी?"

टोला झकास बसला असं वाटलं. फाटकाची कडी वाजली. चहाची वेळ झाल्यावर कळलं, टोला कुणाला बसला ते.

कुत्रं फाटकाशी जाऊन बसलं आणि भाकरीला तोंड लावेना. माझंही तेच चाललं होतं, पण माझ्याकडे बघायला कोणी नव्हतं. शेवटी त्याला घेऊन निघालो. एसटीत कुत्र्याला घेईनात, म्हणून कांदा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका टेम्पोत बसलो. ड्रायव्हर वाटभर हसत होता. "सासुरवाडीला कुत्रं घेऊन चाललेला जावई मी तरी पयल्यांदाच बघतोय. आहेराला हाय का?"

सासऱ्यांचा पैठणीचा माग बाहेरच्याच खोलीत होता. ते विणत होते. सासूबाईंनी पाणी दिलं, "किती वाळलात" म्हणाल्या. बायको आतून आली आणि कुत्रं तिच्या अंगावर झेपावलं. तिने त्याला कुशीत घेतलं. माझ्याकडे नजर नाही.

वाटेत घोकलेलं सगळं विसरलो. सवयीने बोलून गेलो, "सांग तुझ्या आईला, झालं ते झालं, आता तिने राग सोडावा आणि घरी चलावं म्हणावं."

माग थांबला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "कुणाशी बोलताय?"

सासूबाई लेकीकडे बघत राहिल्या. "काय गं? तू तर म्हणालीस, यांना सुट्टी नाही म्हणून एकटी आले."

मी धरून चाललो होतो की तिने आल्याआल्या माझा पाढा वाचला असेल. तिने एक अक्षर काढलं नव्हतं. नोकरीचं नाही, अबोल्याचं नाही. माहेरी माझी पत तिने शाबूत ठेवली होती, आणि मी येऊन ती कुत्र्यासमोर टाकली होती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती उठून परसात गेली. मी मागोमाग. कुत्रंही.

"इथं तरी माणसासारखं बोलला असतात," ती म्हणाली. मला म्हणाली. किती दिवसांनी.

मी खाली बघितलं. कुत्रं वर बघत होतं.

"त्याच्याकडे नका बघू."

"भीती वाटली होती," मी म्हणालो. "म्हणून तुला आधी सांगितलं नाही."

"मला नव्हती वाटत? मी कुणाला सांगायचं होतं?"

यावरही मला विनोदच सुचला. "कुत्रं इथंच ठेवू का? तिकडे दोघंही उपाशी बसतो." ती हसली नाही.

"ठेवा," म्हणाली.

"आणि तू? येशील?"

तिने वाळत घातलेलं रेशीम उगाचच सारखं केलं. "माहीत नाही," म्हणाली. "खरंच माहीत नाही. पण विचारलंत ते बरं केलंत."

मी निघालो. कुत्रं दारापर्यंत माझ्याबरोबर आलं, उंबऱ्याशी थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि वळून परसात गेलं. मी हाक मारली नाही.