बारा महिने सोवळ्यात

आमच्या घरात अजून सोवळं आहे. सासऱ्यांची भिक्षुकी त्यांच्याबरोबर संपली, यजमानांनी कचेरीत कारकुनी केली, मुलगा दिवसभर संगणकापुढं असतो. पण महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सोवळ्यातच व्हायचा आणि पाळी आलेली बाई चार दिवस स्वयंपाकघराबाहेर. हे सगळं मीच चालवत आले. कुणाला नाक मुरडायचं तर मुरडावं, मी चांगली म्हणवून घ्यायला लिहीत नाही.

सून घरात आली ती दुष्काळाची वर्षं. बीड बायपासला इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या, आम्हीही तिथं तिसऱ्या मजल्यावर आलो होतो, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. टँकर आला की खालून हंडे आणायचे. सून चितेगावच्या कंपनीत नोकरीला. संध्याकाळी जिममध्ये वजनं उचलायला जायची. स्पर्धेत उतरायचं होतं तिला. दोन हातांत दोन हंडे घेऊन ती न थांबता वर यायची. शेजारीण म्हणायची, "लई नशीबवान तुम्ही. माझी सून रिकामी बादली उचलत नाय." मी फुगून जायचे.

खायची मात्र चिमणीएवढं. खालच्या वजनगटात बसायचं म्हणून एक पोळी, काकडी, वाटीभर वरण. त्यात माझ्याबरोबर चतुर्थ्या, एकादश्या. त्या दिवशीही जिम चुकवायची नाही. "अगं, थोडी खिचडी तरी घे," म्हटलं की, "नको आई, जड होतं." मी दुसऱ्यांदा आग्रह करत नसे.

एका श्रावणात माझ्या लक्षात आलं, ही बऱ्याच दिवसांत बाहेर बसलेलीच नाही. आधी वाटलं, दिवस गेले. गुपचूप तिच्या पोटाकडं बघत राहिले. काही नाही. मग मीच ठरवलं, महालक्ष्म्यांसाठी गोळ्या घेत असेल; बायका घेतातच. माझं सोवळं राखते म्हणून मला भरून आलं. त्या वर्षी पुरण तिनंच घातलं. शिवाय चौथ्या दिवसाचं न्हाणं, अंथरूण-पांघरूण धुणं, तेवढं पाणीही वाचलं.

तिच्या पायाचं हाड पिचलं ते जिममध्ये नाही, टँकरच्या दिवशी. हंडे घेऊन जिना चढताना ती मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. पडली नाही, आपटली नाही, मग हे कसं झालं, म्हणून त्या विचारत गेल्या. खाता काय? पाळी कधीपासून नाही?

"वर्ष झालं असेल," सून म्हणाली.

"तीन महालक्ष्म्या झाल्या." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं.

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तुम्ही राबता त्या मानानं काहीच खात नाही. शरीरानं आधी पाळी बंद केली, आता हाडांवर आलंय. गेलेलं सगळं भरून येईलच असं नाही. मुलाबाळाचंही आत्ता काही सांगता येत नाही."

रिक्षात बसल्यावर ती माझ्याकडं वळली.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, गोळ्या घेतेस."

"इतकी वर्षं?"

पहिल्या वर्षी मला खरंच तसं वाटलं होतं. पुढं नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या तेव्हा औरंगपुऱ्यात नेऊन लहान मापाच्या मीच भरवल्या. तिच्या कपाटात गोळ्यांचं पाकीटही शोधलं होतं, सापडलं नव्हतं. विचारलं असतं तर इलाज झाला असता, आणि इलाज झाला असता तर ती पुन्हा चार दिवस बाहेर बसली असती. मला ते नको होतं. म्हणून विचारलं नाही.

हे मी तिला रिक्षात सांगितलं नाही आणि नंतरही नाही. आता ती पोटभर जेवते, मी समोर बसून वाढते. तिची पाळी अजून आलेली नाही.