उमाशंकरच्या नावाचा फोल्डर

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरचा प्रोग्राम उमाशंकरने औशाच्या घरात बसून लिहिला, आणि वर्षभरात रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. लिंगायतांत सुतक नसतं. दादाला माती देऊन त्याची बहीण अक्षरा लगेच लातूरच्या ऑफिसात हजर झाली, त्याचंच काम पुढे चालवायला.

प्रोग्राम बंद पडला, तर कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर अडला हे डिबग पॅकेज सांगतं. पॅकेज तयार करताना फाइल ज्या फोल्डरात असते तो पाथ, म्हणजे तिचा पत्ता, त्यात जसाच्या तसा उतरतो. म्हणून पॅकेज करणाऱ्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पाथ काढून सगळ्यांना चालेल असा एकच पाथ घालायची रीत आहे. अक्षराला ती पाठ होती. पण बाईने काय करावं? आपल्या कॉम्प्युटरवर ‘उमाशंकर’ नावाचा फोल्डर केला आणि त्यातच पॅकेज तयार करू लागली. कुठलाही बिघाड उघडला, की आधी दादाचं नाव दिसायचं. वेडी माया, दुसरं काय!

ती उदगीरला लग्नात असताना हदगावच्या दवाखान्यातला वॉर्मर थंड पडला. ऑफिसात नवा आलेला रविकिरण एकटाच होता. त्याने तिला फोन लावला.

"ताई, ह्यो उमाशंकर फोल्डर कुठं हाय? कॉम्प्युटर फाइल सापडंना म्हणतोय. तिकडं आईनं लेकरू छातीशी धरलंय!"

"माझ्याच मशीनवर हाय रे," अक्षरा कशीबशी म्हणाली, आणि त्या नावाला त्याच्याकडचा फोल्डर कसा जोडायचा ते सांगितलं. अडलेली ओळ सापडली, वॉर्मर सुरू झाला, बाळ वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिने पॅकेजच्या नियमात एक ओळ घातली. दादाच्या नावाचा पाथ गेला, सगळ्यांचा आला. नव्या पॅकेजात तिने त्याचं नाव शोधून पाहिलं. कुठेच नव्हतं.

पुढे उमरीचा वॉर्मर अडला. अक्षरा धावत ऑफिसात पोचली, तर रविकिरण चहा पीत बसलेला.

"झालं की ताई. ओळ लगेच घावली. तुमाला कशाला तरास द्यायचा?"

"लई चांगलं केलंस," ती म्हणाली.

मग जिन्यात जाऊन ती ओक्साबोक्शी रडली. मातीच्या दिवशी रडली नव्हती. दादा गेलाय, हे तेव्हा तिने मानलंच नव्हतं.